पाणी आलं!

मार्च महिन्यात बँकेच्या माणसाला मरायचीसुद्धा सोय नसते. मरायचंच असेल तर त्याने ३१ तारखेचं क्लोजिंग उरकून, ताळेबंद जुळवून मगच प्राण सोडावा, अशी आमच्याकडे अलिखित प्रथा आहे. अशा महिन्यात मी तीन आठवड्यांच्या रजेचा अर्ज पुढे केला, तेव्हा आमच्या साहेबांनी तो दोनदा वाचला, मागे काही लिहिलंय का ते उलटून पाहिलं आणि चष्मा काढून विचारलं,

"मे महिन्याऐवजी चुकून मार्च पडलाय का हो?"

"नाही साहेब. मार्चच."

"कारण?"

"थोरल्या भावाची बायपास झालीय. अमेरिकेत."

साहेब जरा विरघळले. बायपास हा शब्द आमच्या शाखेत फार वजनदार आहे. निम्म्या स्टाफची झालेली आहे आणि उरलेल्यांची ड्यू आहे.

"मग इस्पितळात बसायला कुणी नाही?"

"इस्पितळातून घरी आलाय तो. मी बादल्या उचलायला चाललोय."

इथे मी थांबायला हवं होतं. पण "कसल्या बादल्या?" या प्रश्नाला मी "झाडाच्या" असं खरं उत्तर देऊन बसलो. खोटी नोट हातात आली की साहेब ती उजेडात धरून जसे पाहतात, तसं त्यांनी माझ्याकडे पाहिलं. रजा मिळाली. पण ती भावाच्या हृदयाकडे बघून नव्हे, माझ्या डोक्याकडे बघून मिळाली असावी.

त्याचं असं झालं. माझा दादा माझ्याहून चौदा वर्षांनी मोठा. १९९० साली तो अमेरिकेला गेला. अमेरिकेत गेलेली आपली माणसं न्यू जर्सीत राहतात, कॅलिफोर्नियात राहतात, गणपतीत एकमेकांना मोदक देतात. दादा गेला तो थेट उत्तरेला, कॅनडाच्या हद्दीला टेकलेल्या व्हरमाँट नावाच्या चिमुकल्या राज्यात. तिथे माणसं थोडी आणि झाडं फार. त्यातली बरीचशी मेपलची. कॅनडाच्या झेंड्यावर जे पान असतं ते मेपलचंच. या झाडाचा रस आटवून जो पाक करतात, तो अमेरिकेत सगळ्यांत जास्त व्हरमाँटमध्ये होतो. गोरे लोक येण्याच्या कितीतरी आधीपासून तिथले अबेनाकी लोक या रसाची साखर करत आले आहेत.

दादाच्या घरामागच्या उतारावर अशी अकरा झाडं आहेत. दरवर्षी मार्चात तो त्यांना भोकं पाडतो, नळ्या लावतो, बादल्या भरतो आणि आटवतो. यंदा जानेवारीत त्याची बायपास झाली आणि डॉक्टरने बजावलं, तीन महिने दहा पौंडांच्या वर वजन उचलायचं नाही. दहा पौंड म्हणजे साडेचार किलो. रसाने भरलेली एक बादली १९ किलोची. दोन्ही मुलं लांब कॅलिफोर्नियात, आपापल्या नोकरीत. वहिनींचा फोन आला. "भाऊजी, झाडं काही पळून जात नाहीत, पुढच्या वर्षी करा म्हटलं तर ऐकत नाहीत. शेडमध्ये जाऊन बादल्या पुसत बसतात. तुम्ही या. तिकीट मी पाठवते."

"खुशाल जा," आमची सौ. म्हणाली. मुलीची दहावीची परीक्षा होती. "घरात एक माणूस कमी असलं की अभ्यास होतो."

बादल्यांच्या बाबतीत दादाचं माझ्याकडे जुनं येणं होतं, हे इथे नमूद केलं पाहिजे. गिरगावात आमच्या दोन खोल्या चाळीच्या दुसऱ्या मजल्यावर आणि नळ खाली. पाणी पहाटे चारला. दादा दोन हातांत दोन बादल्या घेऊन बत्तीस पायऱ्या चढायचा. मी तेव्हा लहान होतो. म्हणजे पाणी भरायला लहान, खायला चांगला मोठा होतो. पहाटे बादलीची कडी वाजली की मी पांघरूण डोक्यावर ओढून घ्यायचो. दादा अमेरिकेला निघाला तेव्हा विमानतळावर आई रडली, बाबांनी नाक पुसलं. मी रडलो तो दुसऱ्या दिवशी, पहाटे चारला.

बोस्टनला उतरून मोटारीने चार तास. दोन्ही बाजूंना बर्फ आणि निष्पर्ण झाडं. दादा दारातच उभा होता. कपडे खुंटीला लावावेत तसे अंगाला लागलेले दिसत होते. इतक्या वर्षांत तो कधी कुणाच्या आधाराने उभा राहिलेला मी पाहिला नव्हता; आता एक हात चौकटीला होता. काहीतरी बोलावं म्हणून मी शब्द जुळवत होतो, तेवढ्यात तो म्हणाला, "बूट किती नंबरचे घालतोस?"

दुसऱ्या दिवशी सकाळी कामाला आरंभ. दादा बर्फात प्लास्टिकची खुर्ची टाकून बसला. अंगावर दोन कोट, मांडीवर ब्लँकेट, हातात छत्री. ऊन नाही, पाऊस नाही. छत्री दाखवण्यासाठी होती. मी ड्रिल घेऊन झाडासमोर उभा. आयुष्यात मी भोक पाडलेलं ते फक्त पंचिंग मशीनने, व्हाउचरला.

"तिथे नको. ते गेल्या वर्षीचं." छत्रीचं टोक हललं. "जुन्या भोकाच्या सरळ वर-खाली पाडायचं नाही. तिथलं लाकूड आतून मेलेलं असतं. जरा लांब सरक. हां. आठ मिलिमीटरचं भोक, चार-पाच सेंटिमीटर खोल, आणि किंचित वरच्या दिशेने, म्हणजे रस आपोआप बाहेर येईल. भुसा बघ. पांढरट आहे ना? मग जिवंत आहे."

भोकात प्लास्टिकची तोटी हातोडीने हलकेच ठोकायची. ठोकताना आवाज बदलतो. बदलला की थांबायचं. मी नाही थांबलो. "आणखी एक ठोका घातलास तर लाकूड चिरेल आणि रस बाहेरून गळेल," दादा ओरडला. त्या तोटीला निळी नळी, नळीचं दुसरं टोक खाली बादलीच्या झाकणातल्या भोकात. थंडीत नळी इतकी ताठ होते की तोटीवर चढतच नाही, म्हणून तिचं टोक गरम पाण्यात बुडवून मऊ करायचं. त्यासाठी वहिनींचा थर्मास होता. त्यात चहा असेल या आशेने मी झाकण उघडलं होतं.

बादल्या पांढऱ्या, एका बेकरीतून आणलेल्या, पूर्वाश्रमी केकवरच्या क्रीमच्या. दोन गलेलठ्ठ झाडांना दोन-दोन आणि बाकीच्यांना एकेक, अशा तेरा तोट्या झाल्या. लांब उभं राहून पाहिलं तर सगळ्या झाडांना सलाईन लावल्यासारखं दिसत होतं; फक्त उलट दिशेने.

"झाडाला त्रास होत नाही का रे?" मी विचारलं.

"एक-दोन वर्षांत भोक भरून येतं. झाडाकडे असते त्यातली थोडीशीच साखर आपण घेतो. पण एक फुटापेक्षा बारीक खोड असलं तर हात लावायचा नाही." मग जरा थांबून म्हणाला, "माझी चार ठिकाणी जोडाजोड झाली, त्याचा त्रास होतो का ते विचारलं नाहीस."

तेरा नळ बसवून आम्ही वाट पाहू लागलो. दोन दिवस थेंब नाही. पारा शून्याखाली बारा. मला वाटलं, माझ्याच हाताचा गुण. पण या झाडाचं वागणं आमच्या युनियनसारखं आहे. रात्रभर गोठल्याशिवाय ते दिवसा काही देत नाही, आणि दिवसा ऊब मिळाली नाही तर गोठलेलंच राहतं. रात्री पारा शून्याच्या खाली गेला की झाड मुळांतून पाणी वर ओढून घेतं; सकाळी उन्हं आली, पारा चार-पाच अंशांवर चढला की आतला दाब वाढतो आणि जिथे भोक सापडेल तिथून रस बाहेर पडतो. थंडी संपून झाडाला कळ्या फुगल्या की मग पाकाला वाईट वास येतो. तेव्हा हंगाम काय तो महिना-दीड महिन्याचा. तोही झाड ठरवणार.

तिसऱ्या दिवशी अकराच्या सुमाराला ऊन पडलं. दादाने हात वर करून मला गप्प केलं. टप्. मग बराच वेळ काही नाही. मग टप् टप्. मग उतारावरच्या सगळ्या बादल्यांतून एकदम. मी बोट लावून चाखलं. साध्या पाण्यासारखा स्वच्छ रस. सरबताचा पेला विसळून ते पाणी प्यावं, इतपत गोड.

"साखर दोन टक्के," दादा अभिमानाने म्हणाला.

दोन टक्के! आम्ही बचत खात्यावर याहून जास्त व्याज देतो आणि तरी लोक तोंड वाकडं करतात.

"आता ८६ ला दोनने भाग," दादा म्हणाला. "४३. म्हणजे ४३ लिटर रस आटवला की एक लिटर पाक."

मी कॉमर्सचा पदवीधर आहे. ४३ भाग कच्चा माल घालून एक भाग पक्का माल काढणारा धंदा कर्जासाठी माझ्या टेबलावर आला असता, तर अर्जदाराला मी पाणी पाजून परत पाठवलं असतं. इथे त्या ४२ भाग पाण्याला मीच वाहून नेत होतो. गुडघाभर बर्फ, दोन हातांत दोन बादल्या, उतार चढायचा. पहिल्याच दिवशी पाय घसरला आणि एक अख्खी बादली पांढऱ्यावर पांढरी सांडली. मला लागलं का, हे विचारायच्या आधी दादा खुर्चीतून म्हणाला, "जवळजवळ अर्धा लिटर पाक गेला!"

सकाळी बादल्यांवर बर्फाची चकती जमलेली असायची. दादा ती फेकून द्यायला लावी. गोठतं ते बहुतेक नुसतं पाणी, साखर खाली रसातच राहते, तेवढंच आटवणं वाचतं. कळत होतं, पण आपण उचलून आणलेली वस्तू आपणच फेकायची हे माझ्या हाताला काही केल्या पटेना.

दुपारी मी खेपा घालत असताना दादा खुर्चीत बसलेला असायचा, आणि त्याच्याकडे न पाहणं हेच मला बादल्यांपेक्षा जड जायचं. एकदा मी बादली टेकवून दम खात होतो, तर हा उठून आला आणि कडीला हात घातला. वहिनींनी खिडकीवर असा काही चमचा आपटला की हात तिथेच थांबला. "ती मला दहा पौंडांच्या आतलंसुद्धा काही उचलू देत नाही," तो म्हणाला. "परवा वर्तमानपत्र उचललं तर वजन विचारलं." विनोद होता, पण तो हसला नाही. मग दोन दिवस माझ्याशीही फारसा बोलला नाही. मी येऊन त्याची झाडं वाचवली होती की त्याच्याकडून काढून घेतली होती, हे माझं मलाच कळेना.

दुसऱ्या आठवड्यात एका रात्री पारा शून्याखाली उतरलाच नाही. मला त्याचा पत्ता नव्हता. मी गाढ झोपेत. आणि झोपेत कडीचा आवाज आला. पांघरूण डोक्यावर घ्यायला हात आपोआप वर गेला. पांघरूण अर्ध्यावर आलं असताना माझ्या लक्षात आलं की ही चाळ नाही आणि ती कडी वाजता कामा नये.

हाताला लागले ते बूट चढवले. ते वहिनींचे निघाले. उतारावर टॉर्चचा उजेड हलत होता.

"दादा, ठेव ती खाली!"

"काय ठेवू?"

जवळ गेलो. दादाच्या हातात चहाचं पातेलं होतं. सगळ्या बादल्या काठोकाठ भरून वाहू लागल्या होत्या. शेजारी एक रिकामी बादली ठेवून हा गृहस्थ भरलेल्या बादलीतला रस पातेल्याने तिच्यात ओतत होता.

"एक लिटर," पातेलं दाखवत तो म्हणाला. "सव्वादोन पौंड. डॉक्टरने दहा सांगितलेत. मी नियमात आहे."

यावर काय बोलणार? आमच्या ऑडिटरनेही मान्य केलं असतं. मी त्याच्या हातातून पातेलं घेतलं. त्यानं दिलं.

"किती वाजले?" त्यानं विचारलं.

"चार."

"पाणी आलं," दादा म्हणाला. आणि एकदम हसायला लागला. बायपास झालेल्या माणसाने हसताना छातीशी उशी धरायची असते. ती घरात राहिली होती, म्हणून दोन्ही हातांनी छाती धरून हसत राहिला. मीही हसत होतो, पण माझं लक्ष त्याच्या हातांकडे होतं.

मग जे इतकी वर्षं विचारायचं राहिलं होतं ते मी विचारलं. "तेव्हा मला तू कधी उठवलं का नाहीस रे?"

"उठवलं होतं की एकदा. तू अर्धी बादली जिन्यात सांडलीस आणि पहिल्या मजल्यावरच्या काकू घसरून आपटल्या. परत नाही उठवलं."

मला हे बिलकुल आठवत नव्हतं. पस्तीस वर्षं जी रक्कम मी दादाची माया म्हणून जमा धरली होती, ती मुळात काकूंच्या कंबरेखाती होती.

त्या पहाटे मी तेरा बादल्या वर नेल्या. दादा टॉर्च घेऊन पुढे चालत होता, आणि जिथे पाय घसरेल तिथे उजेड पाडून थांबत होता. एक थेंब सांडला नाही.

आटवायचं काम अंगणात. पहिल्या वर्षी दादाने ते स्वयंपाकघरात केलं होतं. जवळजवळ ८० लिटर पाण्याची वाफ भिंतींत जिरली आणि आठवडाभराने भिंतीवरचा कागद आपणहून खाली उतरला. तेव्हापासून हद्दपारी. सिमेंटच्या ठोकळ्यांची चूल, वर पसरट स्टीलची पेटी, खाली लाकडं. वाफ आणि गोड वास. डोळे मिटले तर थेट कोल्हापूरकडचं गुऱ्हाळ, उघडले तर बर्फ. उकळी उतू जायला लागली की बाकीचे लोक त्यात लोण्याचा कण टाकतात. वहिनी तुपाचा थेंब टाकायच्या आणि फेस शहाण्या मुलासारखा खाली बसायचा. रस दुधासारखा नासतो, म्हणून जमला की आटवावाच लागतो. त्यामुळे आम्ही दिवसदिवस चुलीपाशी. एक दिवस सकाळी सातला बसलो ते रात्री नऊला उठलो. इतका वेळ मी आणि दादा एका जागी यापूर्वी कधी बसलो होतो, ते आम्हा दोघांनाही आठवेना.

तिथेच त्याने मला क्युबेकची चोरी सांगितली. कॅनडाच्या क्युबेक प्रांतात जगातला बहुतेक मेपलचा पाक होतो, आणि तिथल्या उत्पादकांच्या महासंघाने पिंपांच्या पिंपं पाक राखीव साठा म्हणून ठेवलेला असतो. म्हणजे पाकाची रिझर्व्ह बँकच. २०११ आणि २०१२ या काळात त्यातला जवळजवळ तीन हजार टन पाक चोरांनी हळूहळू काढून नेला. किंमत सुमारे १ कोटी ८० लाख कॅनेडियन डॉलर. काही पिंपांत पाण्याची भरती. उघडकीला कसं आलं? वार्षिक मोजणीला आलेला तपासनीस पिंपांच्या ढिगावर चढला आणि एक पिंप रिकामं निघाल्यामुळे पडता पडता वाचला. मी थक्क झालो. चोरीने नव्हे. तपासनीस चढला, याने. आमच्याकडे कर्जदाराच्या गोदामाची तपासणी दारात चहा पिऊन होते.

शेवटचा टप्पा मात्र आत, गॅसवर. पाण्याच्या उकळबिंदूपेक्षा चार अंश जास्त, म्हणजे १०४ अंशांच्या आसपास, पाक तयार होतो. दादा थर्मामीटर घेऊन वाकलेला. वहिनींनी पळी उचलून तिच्या कडेवरून पाक कसा पडतो ते पाहिलं. "झाला. एकतारीच्या जरा अलीकडे." "अजून अर्धा अंश आहे," दादा म्हणाला. वहिनींनी गॅस बंद केला, आणि तेवढ्यात काटा १०४ वर येऊन टेकला.

त्या रात्री ताज्या बर्फावर गरम पाक ओतून खायचा कार्यक्रम झाला. चिकट, तंबूस, दाताला धरणारा. व्हरमाँटमध्ये यासोबत डोनट आणि आंबट काकडीचं लोणचं खातात. वहिनींनी लिंबाचं आणलं. दादाला दोनच चमचे मिळाले. त्याने बर्फ तेवढा माझ्याच ताटलीतून उचलला, चुकून पाक लागलेला.

मी निघायच्या आदल्या दिवशी हिशेब मांडला. रस ४७३ लिटर. भागिले ४३, बरोबर ११ लिटर पाक. प्रत्यक्षात बाटल्यांत पावणेअकरा. पाव लिटर शॉर्ट. कॅशियर मीच होतो, म्हणून चौकशी केली नाही. खर्चाच्या बाजूला तोट्या, नळ्या, लाकडं, आणि माझं विमानाचं तिकीट. भागाकार करून मी हबकलो. "दादा, या एका बाटलीच्या किमतीत दुकानातून पाकाचं पिंप येईल."

दादा बाटल्यांवर वर्ष लिहीत होता. "तिकीट सगळं एकाच वर्षाच्या खर्चात कशाला टाकतोस? दहा वर्षांत विभाग."

"तसं करायचं तर पुढची नऊ वर्षं मालमत्ता वापरात असावी लागते," मी तांत्रिक मुद्दा काढला.

"मग ये ना," तो म्हणाला, आणि बाटलीवर वर्ष चुकलं म्हणून खोडायला लागला.

२७ मार्चला मी शाखेत हजर. एक बाटली साहेबांच्या टेबलावर ठेवली. त्यांनी बूच काढून वास घेतला, करंगळीने चाखलं, पुन्हा चाखलं.

"ही काकवी आहे," ते म्हणाले. "यासाठी अमेरिकेला गेला होता?"

मी काही बोललो नाही. क्लोजिंग झालं, ताळेबंद जुळला, एप्रिल उजाडला. दुसऱ्या आठवड्यात वहिनींचा निरोप आला: डॉक्टरने वीस पौंडांची परवानगी दिली आहे, आणि हे रिकाम्या बादल्या दोन-दोन करून शेडमध्ये नेत आहेत, उगाचच, पुन्हा पुन्हा. त्याच दिवशी मी पुढच्या मार्चच्या रजेचा अर्ज लिहिला. अकरा महिने आधी. कारणाच्या रकान्यात या खेपेला नुसतं "पाणी भरणे" असं लिहिलं.

साहेबांनी अर्ज वाचला, माझ्याकडे पाहिलं, मग टेबलाच्या खणाकडे पाहिलं. खणात ती बाटली होती. चार बोटं उरली होती.

"हे संपेपर्यंत विचार करतो," ते म्हणाले आणि अर्ज पेंडिंगच्या फायलीत सरकवला. संध्याकाळी निघताना पाहिलं तर बाटली दोन बोटांवर आली होती.